छोटा सीएनसी राउटर घेताय? बेडच्या मापाआधी मिनिटं मोजा

सांगलीच्या टिंबर एरियात, मिरजेत नाहीतर कुपवाडच्या एमआयडीसीत लाकूडकाम करणाऱ्या कुणाशीही सीएनसीचा विषय काढा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘दोन बाय तीनचं घेऊ की थेट चार बाय आठचं?’ विकणाऱ्यालाही हा प्रश्न सोयीचा असतो. तोच सांगाडा दोन फूट लांब करून बिल वाढवणं त्याला सोपं पडतं. घेणाऱ्याला मात्र काही महिन्यांनी कळतं, की बेड मोठा झाला पण दिवसाला निघणारे नग तेवढेच राहिले.

माझं म्हणणं एवढंच आहे की मापाचा प्रश्न दुसरा. तुमचा रोजचा जॉब त्या मशीनवर किती मिनिटांत उतरतो, हा पहिला.

ज्यांनी सीएनसी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खाली सपाट बेड, त्यावर पुढं-मागं सरकणारी एक कमान, तिला सगळे ‘गँट्री’ म्हणतात. गँट्रीवर डावी-उजवीकडं सरकणारी गाडी आणि गाडीवर वर-खाली होणारा स्पिंडल, म्हणजे राउटरची मोटर. या तिन्ही हालचाली कंट्रोलर आकड्यांवरून चालवतो. हाताच्या राउटरनं जे करता तेच काम, फक्त शंभरावा नगही पहिल्यासारखाच निघतो. ज्याला प्रत्येक नग वेगळा करायचा आहे त्याला याचा उपयोग बेताचाच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीतला कारागीर भोपळ्याचा आकार बघून दांडी आणि तबली जुळवतो. तिथं सीएनसीनं फार तर साचे कापून मिळतील.

आधी गणित

आपल्याकडं छोट्या उत्पादनात साधारण तीन तऱ्हेची कामं येतात. सपाट कापणी: एमडीएफची जाळी, मखराचे भाग, नेमप्लेटचे आकार. व्ही बिटनं (बिट म्हणजे स्पिंडलमध्ये बसणारं कापायचं हत्यार) कोरलेली अक्षरं आणि रेघांची नक्षी. आणि उठावाचं काम: सागवानी देव्हाऱ्यावरचा गणपती, चौकटीवरची वेल. तिन्ही कामं मशीनकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतात.

जाळीचंच घ्या. ८ मिमी एमडीएफची दोन फूट बाय एक फूट पट्टी आहे, तिच्यात १२० भोकं, प्रत्येक भोकाचा घेर १२० मिमी. म्हणजे एका फेरीत बिटला १४.४ मीटर चालायचं आहे. ३ मिमीचा बिट हलक्या मशीनवर एका फेरीत ३ मिमीपेक्षा जास्त खोल घालता येत नाही, म्हणून तीन फेऱ्या, एकूण ४३ मीटर. मिनिटाला अडीच मीटरच्या वेगानं सतरा मिनिटं. इथंच बहुतेकांचा हिशेब संपतो. पण १२० भोकं गुणिले तीन फेऱ्या म्हणजे ३६० वेळा बिट खाली उतरणार. एका उतरण्याला आणि वर येऊन पुढच्या भोकावर जाण्याला तीन सेकंद धरले तरी १८ मिनिटं झाली. म्हणजे कापण्यापेक्षा वर-खाली करण्यातच जास्त वेळ गेला!

आता जरा ताठ मशीन घ्या. एका फेरीत ४ मिमी खोल, वेग मिनिटाला तीन मीटर, एक उतरण दोन सेकंदांत. दोन फेऱ्यांत २९ मीटर, म्हणजे दहा मिनिटांच्या आत कापणी. २४० उतरणी आठ मिनिटांत. पस्तीस मिनिटांचा जॉब साडेसतरा मिनिटांवर आला, आणि बेडचं माप एक इंचही वाढलं नाही. म्हणून जाळीवाल्यानं विक्रेत्याला झेडचा, म्हणजे स्पिंडल वर-खाली होण्याचा वेग विचारायचा. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो एक्स-वायचा, म्हणजे आडव्या हालचालींचा.

उठावाच्या कामाचं गणित वेगळं. एक फूट बाय एक फूट, म्हणजे साधारण ३०० बाय ३०० मिमीचा गणपती. शेवटचा बारीक हात निमुळत्या, टोकाला गोल असलेल्या बॉलनोज बिटनं मारायचा आणि दोन रेघांमधलं अंतर पाव मिलिमीटर ठेवायचं. १२०० रेघा, प्रत्येकी ३०० मिमी, एकूण ३६० मीटर. मिनिटाला दोन मीटरनं चाललं तर सलग तीन तास, आणि त्याआधीची भरड कापणी वेगळी. शिवाय सोंडेच्या वळणावर, डोळ्यांच्या कडेला बिट क्षणाक्षणाला दिशा बदलतो, त्यामुळं तो दोन मीटरचा वेग गाठतच नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन तास दिसले तरी प्रत्यक्षात चार लागले, असं होतं ते यामुळं. इथं मशीन किती पटकन वेग घेतं आणि किती पटकन थांबतं, त्यावर सगळं अवलंबून. रेघांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर केलं तर वेळ निम्मा होतो, पण मग पॉलिश पेपरनं घासणाऱ्या पोराचा वेळ वाढतो. ते पण पैसेच आहेत.

या गणितातून कधी कधी असंही निघतं की मशीन घेऊच नये. महिन्याला मशीनचं काम तीस-चाळीस तासांच्या आत असेल तर माझ्या मते जॉबवर्कवर बाहेर द्यावं. सहा महिने बाहेर काम देऊन प्रत्येक जॉबची मिनिटं वहीत लिहून ठेवलीत, तर मशीन घेताना ती वही कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

भुसा हातात घेऊन बघा

चालू मशीन बघायला गेलात की नक्षीचे फोटो काढण्याआधी बेडवरचा भुसा चिमटीत घ्या. छोटे छोटे, बोटाला टोचणारे कण असतील तर बिट लाकूड कापतो आहे. गव्हाच्या पिठासारखी मऊ भुकटी असेल आणि कडांना काळपट छटा असेल, तर बिट कापत नाही, नुसता घासतो आहे. (एमडीएफची भुकटीच पडते, म्हणून ही परीक्षा सागवानावर करायची.)

असं का होतं ते एका गुणाकारात समजतं. दोन धारांचा ६ मिमी बिट मिनिटाला १८,००० फेरे घेतोय. प्रत्येक धारेनं एका फेऱ्यात ०.१ मिमी लाकूड काढावं असं वाटत असेल, तर बिट मिनिटाला १८,००० × २ × ०.१, म्हणजे ३,६०० मिमी पुढं सरकला पाहिजे. मशीन हलकं आहे, १,२०० च्या वर नेलं की थरथरतं, म्हणून ऑपरेटर वेग कमी करतो पण फेरे तेवढेच ठेवतो. आता प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०३३ मिमी येतं. धार लाकडात शिरण्याऐवजी वरून सरकते, उष्णता भुशाबरोबर बाहेर पडण्याऐवजी बिटमध्ये राहते, आणि शंभर नग काढणारा बिट वीस नगांत बोथट होतो. सागवानात सिलिका असल्यानं धार तशीही लवकर जाते. रंध्याला पातं लावणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. हलक्या मशीनवर दोनऐवजी एका धारेचा बिट लावला तर बराच फरक पडतो. हा साधा उपाय कितीतरी जण करत नाहीत.

फेरे कमी केले तर? करता येतात, पण त्याची किंमत आहे. या मशीनवर येणारा २.२ किलोवॅटचा स्पिंडल ती ताकद पूर्ण २४,००० फेऱ्यांना देतो. ड्राइव्हवरून (स्पिंडलचे फेरे कमी-जास्त करणाऱ्या पेटीवरून) तो १२,००० वर आणला की ताकदही निम्म्यावर येते. म्हणून स्पिंडल घेताना थोडा वरचाच घ्यावा. सागवानात रोज काम असेल तर मी २.२ किलोवॅटच्या खाली जाणार नाही. दुसरं कारण कोलेटचं, म्हणजे स्पिंडलला बिट पकडून ठेवणाऱ्या भागाचं. लहान स्पिंडलवर बहुधा ईआर११ कोलेट असतो, त्यात ७ मिमीपर्यंतचीच बिटची दांडी बसते. पाव इंची बिट बसला, विषय संपला. २.२ च्या स्पिंडलला ईआर२० मिळतो, त्यात अर्ध्या इंची दांडीचा बिटही जातो. बेड सपाट करायचा मोठा कटर किंवा दरवाजाच्या कडेचा प्रोफाइल बिट लावायचा तर तोच हवा. हाताचा ट्रिमर गँट्रीवर बांधून दिलेली मशीन शिकायला ठीक आहेत, पण रोज सहा-आठ तास चालवले की त्यांचे कार्बन ब्रश संपतात, आणि आवाजानं शेजारी भांडायला येतात.

स्पिंडल पाण्यानं थंड होणारा घ्यायचा की हवेचा? पाण्याचा आवाज कमी. पण पंप बंद पडलेला कुणाच्या लक्षात आला नाही तर स्पिंडल जळतो, आणि एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बादलीतलं पाणी दुपारीच कोमट झालेलं असतं. पाण्याचा घेतलात तर मोठी टाकी आणि प्रवाह थांबताच मशीन बंद करणारा स्विच लावून घ्या. ज्यांच्याकडं लक्ष द्यायला वेगळा माणूस नाही त्यांनी हवेचा घ्यावा.

सांगाडा, रेल आणि स्क्रू

ताठपणा माहितीपत्रकात लिहिलेला नसतो, हाताला कळतो. बेडवर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मोजमापाचं साधन) ठेवा, टोक कोलेटच्या नटाला टेकवा आणि स्पिंडलला बाजूनं दहा किलोच्या आसपास जोर लावा. काटा ०.१-०.२ मिमी हलला तर छोट्या मशीनसाठी उत्तम. अर्धा मिलिमीटर हलला तर सागवानाचं नाव काढू नका, एमडीएफवर नेमप्लेटा करा. विकणारा असं करू देत नसेल तर तेही एक उत्तरच.

आतमध्ये काय बघायचं: वेल्ड केलेला लोखंडी सांगाडा, गाडी आणि गँट्री ज्यांवरून सरकतात त्या २० मिमीच्या चौकोनी लिनियर रेल, आणि दोन बाय तीनच्या मशीनला त्यांना सरकवणारा बॉलस्क्रू. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर प्लॅस्टिकची चाकं आणि बेल्ट असलेलं मशीन स्वस्त मिळतं, पण त्याचा बेल्ट ताणतो आणि चाकांवर भुसा चिकटून बसतो. बॉलस्क्रूमध्येही फरक आहे. १६०५ म्हणजे १६ मिमी जाडीचा, एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणारा. हा स्क्रू फिरवणाऱ्या स्टेपर मोटरचा जोर हजार फेऱ्यांच्या आसपास बराच उतरलेला असतो, म्हणजे या स्क्रूवर मिनिटाला चार-पाच मीटरच्या पुढं आशा ठेवू नये. १६१० तेवढ्याच फेऱ्यांत दुप्पट जातो. लांबी पाच फुटांच्या पुढं गेली की बारीक स्क्रू वेगात फिरताना मधेच लवलवतो. म्हणून चार बाय आठला रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर चालणारं दातेरी चाक लावतात.

गँट्रीखालची उंची जास्त असली की लोकांना बरं वाटतं, जाड लाकूड जाईल म्हणून. पण स्पिंडल जेवढा खाली लोंबेल तेवढा तो हलणार. खांब कोरायचे नसतील तर सहा इंच पुष्कळ झाले.

मापाबद्दल आता बोलू. प्लाय आणि एमडीएफची पूर्ण शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. शटर आणि किचनची कामं असतील तर शीट अख्खी ठेवता आली पाहिजे, तिथं १३२५ मापाचं (साधारण १३०० बाय २५०० मिमी) मशीनच लागतं आणि ते छोटं राहत नाही. देव्हारा, चौरंग, पाट, नेमप्लेट, जाळीच्या पट्ट्या असतील तर ६०० बाय ९०० चं ताठ मशीन तेवढ्याच पैशातल्या मोठ्या, लटपटत्या मशीनपेक्षा जास्त नग देतं. शीट आधी टेबल सॉवर कापून घ्यायची, बस्स.

मशीन काटकोनात आहे का, हे सुताराला शिकवायला नको. ३०० बाय ४०० चा आयत कापायला सांगा. दोन्ही कर्ण ५०० भरले पाहिजेत. दोघांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. नंतर १०० मिमीचं वर्तुळ कापून चार दिशांनी व्हर्निअर लावा. लंबगोल आलं किंवा चार ठिकाणी छोट्या पायऱ्या दिसल्या तर स्क्रूमध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा आहे.

पकड, वीज आणि धूळ

जॉब बेडवर पकडायला सहा मिनिटं आणि कापायला दहा, असं कितीतरी ठिकाणी चालतं. मोठ्या मशीनसारखा व्हॅक्यूम बेड छोट्याला लावायचा हट्ट सोडा; त्याला मोठा पंप आणि थ्री फेज लागतं, आणि जाळीला भोकं पडत गेली की पकड सुटत जाते. त्यापेक्षा एमडीएफच्या दोन सारख्या जिग (माल ठरलेल्या जागी बसवायचे साचे) करा, ठरलेल्या जागी बसणाऱ्या लाकडी खुंट्या आणि टॉगल क्लॅम्प लावून. एक जिग मशीनवर असते तेव्हा दुसरीवर पुढचा माल बसवायचा. एका मिनिटात बदल होतो. हा खर्च इतका कमी आहे की कुणी त्याकडं गांभीर्यानं बघत नाही.

कंट्रोलरमध्ये छोट्या वर्कशॉपसाठी मला हातात धरायचं डीएसपी हँडल आवडतं. पेन ड्राइव्हनं फाइल घालायची, कॉम्प्युटर धुळीत ठेवायची गरज नाही, आणि वीज गेली तर जिथं थांबलं तिथून पुढं चालू करायची सोय असते. ती सोय खरी चालते का, हे बघायचं असेल तर चालू जॉबमध्ये मेन स्विच पाडायला सांगा. परत सुरू केल्यावर मशीन होमिंग स्विचवरून (शून्याची जागा दाखवणाऱ्या स्विचवरून) स्वतःची जागा शोधून त्याच रेघेत येतं की मिलिमीटरभर सरकतं, ते दिसेल. तीन तासांचा सागवानी गणपती अडीच तासांनी वाया गेला तर लाकूडही गेलं. अर्थिंग नीट करून घ्या. निम्म्या ‘मशीन वेडं झालंय’च्या तक्रारी स्पिंडलच्या ड्राइव्हमुळं होणाऱ्या विद्युत गोंधळाच्या असतात. ढाल असलेली केबल आणि चांगलं अर्थिंग केलं की त्या बंद होतात.

सॉफ्टवेअरचा खर्च वेगळा धरा. नक्षीचं आर्टकॅम हे सॉफ्टवेअर ऑटोडेस्क कंपनीनं २०१८ मध्ये बंद केलं, तरी अनेक ठिकाणी त्याच्याच चोरीच्या प्रती चालतात आणि मशीनबरोबर ‘फ्री’ म्हणून दिल्या जातात. व्हीकार्व्हची डेस्कटॉप आवृत्ती सपाट कामाला चांगली आहे, पण तिच्यात जॉबचं माप २५ बाय २५ इंचांपुरतंच आहे. मोठा जॉब तुकड्यांत करावा लागतो. उठाव स्वतः घडवायचा तर अ‍ॅस्पायर लागतं, ते महाग.

माणसाबद्दल एक गंमत. किर्लोस्करवाडी १९१० ची, कुपवाड-मिरजेत सीएनसी लेथ आणि व्हीएमसी (धातू कापणारी सीएनसी मशीन) चालवणारी पोरं भरपूर, त्यामुळं जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा वाचणारा ऑपरेटर आपल्याकडं सहज मिळतो. पण लोखंडावर शिकलेला हात लाकडावर भीत भीत चालवतो. त्याला आधी वेग वाढवायला शिकवावं लागतं.

धुळीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात ठेवली आहे. एमडीएफच्या डिंकातलं फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात आहे. डस्ट कलेक्टर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून वगळला जातो. तो मशीनच्या किमतीतच धरायचा, आणि तरीही तोंडाला एन९५ मास्क लावायचा. बोथट बिटची एखादी ठिणगी पिशवीत गेली तर भुसा आतल्या आत धुमसतो, म्हणून मशीन चालू ठेवून कुलूप लावून जेवायला जायचं नाही.

आणि जागा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूररेषेत शेड असेल तर कंट्रोल पॅनेल भिंतीवर उंच लावून घ्या आणि त्याच्या केबल सॉकेटनं सुटणाऱ्या हव्यात, म्हणजे पाणी चढायला लागलं की स्पिंडल, ड्राइव्ह, मोटरा तासाभरात काढून गाडीत घालता येतात. सांगाडा पाण्यात राहिला तर तो धुऊन, रेल आणि स्क्रू बदलून पुन्हा उभा करता येतो. साताऱ्याकडं, पाटण-जावळीच्या पट्ट्यात पुराऐवजी दमट हवा छळते. एमडीएफचा वरचा बेड फुगतो, आणि पावसाळा लागला की तो एकदा मशीननंच सपाट करून घ्यावा लागतो, नाहीतर एका कोपऱ्यात अक्षर खोल आणि दुसऱ्यात पुसट येतं.

पैसे

मशीनवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नोंदणी असेल तर तो परत धरता येतो, नसेल तर तो खर्चच. नवा उद्योग असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपीची, म्हणजे नव्या उद्योगाच्या कर्जावर अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेची चौकशी करा. सर्वसाधारण गटाला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आहे, विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के. आधीपासून चालू असलेल्या वर्कशॉपला ते सहसा बसत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. तिथं पाच टक्के व्याजानं आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाख मिळतात. अख्खं मशीन त्यात येईलच असं नाही, पण डस्ट कलेक्टर, बिट आणि सॉफ्टवेअर नक्की निघतं. एकूण बजेटचा चौथा हिस्सा या असल्या जोडसामानासाठी बाजूला काढून मगच मशीनची किंमत बोला.

कोटेशन परगावाहून आलं असेल तर त्यात चार गोष्टी लिहून घ्या: बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांत येणार, त्याच्या येण्या-जाण्याचा खर्च कुणाचा, मोटर आणि ड्राइव्ह कुठल्या कंपनीचे, आणि पॅनेलच्या वायरिंगचा नकाशा मिळणार की नाही. नकाशा असेल तर कुपवाडचा कुठलाही बरा इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात दोष शोधतो. शेवटचे वीस टक्के पैसे मशीन तुमच्या शेडमध्ये, तुमच्या विजेवर, तुमचाच जॉब सलग एक शिफ्ट चालवून दाखवल्यावर द्यायचे, असं ऑर्डरवरच लिहा. विक्रेता कुरकुर करेल, दहा टक्क्यांवर या म्हणेल. तेवढं चालेल, शिफ्टची अट मात्र सोडू नका.